नवऱ्याचं रक्त चालणार नाही

काशीराम घाडी या माणसाला बढाई मारायला एकच विषय पुरायचा, आणि तो म्हणजे स्वतःचं रक्त. लोक पोरांचे मार्क सांगतात, गावच्या आंब्यांचं कौतुक करतात. हा रक्ताचं करायचा. मुलुंडच्या त्याच्या चाळीत गणपतीत रक्तदानाचं शिबिर लागलं, की पहिल्या खाटेवर हा आडवा. बाटली भरत आली की डॉक्टरला विचारणार, "कसं काय वाटलं?" जसा काही डॉक्टर ते पिऊन बघणार होता! डॉक्टर बिचारा "छान आहे" म्हणायचा, आणि मग ते "छान आहे" चाळीच्या नळावर पुढचे गणपती येईपर्यंत ऐकावं लागायचं.

मिलमधली नोकरी संपात गेली, तरी हा खचला नाही. मुलुंडमध्येच एका नटबोल्टच्या कारखान्यात चिकटला. पगार निम्मा झाला, पण रक्त तेच होतं ना! माणूस मुळात वाईट नाही. बायकोवर जीव टाकणारा. फक्त तो जीव कसा टाकायचा हे त्याला शांतपणे जमायचं नाही. सगळं वाजतगाजत.

शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्याच्या शेवंतीला गर्भाशयात गाठी निघाल्या. अंगावरून जाऊन जाऊन ती पांढरी फटक पडलेली. जिना चढली की पायरीवर बसायची आणि म्हणायची, "काय नाय, पाय बघतंय जाग्यावर आसत काय." सर्जननं सांगितलं, पिशवी काढावी लागेल, आणि जुळणाऱ्या रक्ताच्या दोन बाटल्या हातात आल्याशिवाय मी चाकूला हात लावणार नाही. फार दिवस थांबूनही चालणार नाही.

दुसरा कुणी असता तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. काशीरामची छाती फुगली. आयुष्यभर ज्याची तयारी केली तो दिवस आला असं त्याला वाटलं. नळावर जाहीर करून मोकळा झाला, "शेवंतीला बाहेरचं रक्त घालायचं नाही. घाडीच्या बायकोला घाडीचंच रक्त!"

"पण दोन बाटल्या लागणार ना? तू एकटा दोन देणार?" कुणीतरी विचारलं.

"एक माझी, आणि दुसरी हॉस्पिटलनं लाजून द्यायची," काशीराम म्हणाला.

रक्तपेढीत मार्सेलिना परेरा होती. मरोळ गावठाणातली, तिशीची, बोलायला एक्स्प्रेस. काम करताना एक अक्षर बोलायची नाही आणि काम संपलं की थांबायची नाही. तिनं दोघांचे नमुने घेतले आणि दुपारी यायला सांगितलं. शेवंतीला घरी सोडून काशीराम दुपारी खिडकीवर हजर झाला. शर्टाची बाही वर दुमडूनच आला होता.

"खाट कुठली?" त्यानं विचारलं.

"बाही खाली करा, घाडी," मार्सेलिना म्हणाली. "तुमचं रक्त चालणार नाही."

काशीराम हसला. त्याला वाटलं बाई मस्करी करतेय. "अहो मॅडम, मी पण ओ पॉझिटिव्ह, ती पण ओ पॉझिटिव्ह. लग्नात आमची पत्रिका एवढी जुळली नव्हती."

"ग्रुप जुळतो. रक्त जुळत नाही. फ्रिजमधल्या ओ पॉझिटिव्हच्या सगळ्या बाटल्या तिच्या रक्ताशी लावून बघितल्या. एक बसली. बाकी सगळ्यांत गुठळ्या. आणि सगळ्यात मोठी गुठळी कुणाची माहितीय?"

"कुणाची?"

"तुमची."

आता असं तोंडावर कुणी सांगतं का? पण मार्सेलिनाचा स्वभावच तसा. काशीरामचे कान तापले. "सगळ्यात वाईट माझं?"

"तिच्यासाठी सगळ्यात वाईट. दुसऱ्या कुणाला अमृत असेल. एक बाटली मी राखून ठेवलीय. दुसरी शोधायला लागेल. तिचे नातेवाईक कोण आहेत ते सांगा."

काशीराम काही न सांगता निघून आला. रस्त्यात त्याला एकच दिसत होतं, नळावरचे चेहरे. अठरा वर्षांचा संसार, चार पोरं, आणि बायकोच्या रक्ताला नवऱ्याचं रक्त सगळ्यात वाईट! हे सांगणार कसं आणि कुणाला? घरी शेवंतीनं विचारलं तर म्हणाला, "थंयसरचा मशीन बिघडलाहा."

"मशीन बिघडला, की तुमी कायतरी बोललात तेंका?" शेवंती म्हणाली. नवऱ्याला ती चांगली ओळखून होती.

शेवटी काशीरामनं कारखान्यातल्या एकाच्या कानावर ते घातलं, आणि त्यानं तोड सुचवली. स्टेशनजवळ रतन म्हणून एकाची लॅब होती. खोली एवढीशी, पण बाहेर पाटी केवढी! काशीराम दुसऱ्या दिवशी शेवंतीला रिक्षात घालून तिथं घेऊन गेला. रतननं चहा मागवला, दोघांचं रक्त काढलं, काचेच्या पट्टीवर तिच्या रक्तातलं वरचं पाणी आणि ह्याच्या रक्ताचा थेंब एकत्र केला, पट्टी इकडून तिकडे हलवली, आणि चहा यायच्या आत म्हणाला, "झकास! फर्स्टक्लास मॅच."

"इतक्यात झाला?" शेवंतीनं विचारलं. "ती बाई आख्खी सकाळ काय करी होती मगे?"

"मोठ्या ठिकाणी असंच, वहिनी. कामं वाढवून ठेवतात," रतन म्हणाला.

काशीरामला एवढंच ऐकायचं होतं. शेवंतीला रिक्षानं घरी पाठवलं आणि हा तडक रक्तपेढीच्या खिडकीवर. आवाज असा लावला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "मॅच आहे! रतनच्या लॅबनं सांगितलंय मॅच आहे! तुमची टेस्ट चुकली आणि बदनामी माझी!"

मार्सेलिनाला राग आला. चांगलाच आला. पण रागावून ती ओरडली नाही. दार उघडून म्हणाली, "चपला काढा आणि आत या. मी करते, करता करता सांगते आणि तुम्ही बघा. पण मधे तोंड उघडायचं नाही."

काशीराम आत शिरला. स्टुलावर बसला. मार्सेलिनानं एका बारक्या काचेच्या नळीत शेवंतीच्या रक्तातलं वरचं पिवळं पाणी घेतलं. त्यात काशीरामच्या लाल पेशींचा एक थेंब टाकला. नळी यंत्रात गरगर फिरवली, बाहेर काढली आणि हलकेच हलवून त्याच्या नाकापुढे धरली. कोकम सरबतासारखं एकजीव पाणी.

"काय दिसतं?"

"काही नाही. सगळं छान," काशीराम म्हणाला. "हेच तर सांगतोय मी!"

"हेच रतननं बघितलं. आणि इथंच तो चहा प्यायला गेला." मार्सेलिनानं ती नळी कोमट पाण्याच्या हौदात उभी केली. "तुमच्या मिसेसच्या अंगात काय काचेची पट्टी आहे? तिथं ऊब आहे. रक्त तिथं तासन्‌तास फिरणार. म्हणून तेवढ्याच उबेत ठेवून बघायचं. बसा."

काशीराम बसला. गप्प बसायची सवय नसलेला माणूस, तासभर पाण्यातल्या नळीकडे बघत बसला. मग मार्सेलिनानं नळी काढली, तिच्यात काठोकाठ मिठाचं पाणी भरलं, फिरवली, वरचं पाणी ओतून टाकलं. पुन्हा भरलं, फिरवली, ओतलं. पुन्हा.

"तांदूळ धुतल्यासारखं काय करताय?" त्याच्यानं राहवलं नाही.

"तसंच. तीन पाण्यांनी. आता एक औषध घालायचं, त्याला कूम्ब्सचं औषध म्हणतात. ते फार हावरं. नीट धुतलं नाही आणि वरचं पाणी थोडं जरी राहिलं, की औषध त्यातच संपतं, लाल पेशींपर्यंत पोचतच नाही. मग सगळं छान दिसतं. माणूस म्हणतो, मॅच! आणि पेशंट मरतो."

तिनं औषधाचे दोन थेंब टाकले. नळी फिरवली. उजेडाकडे धरून हळूच टिचकी मारली. तळाशी बसलेलं लाल टिकलीएवढं काहीतरी अख्खं उचलून वर आलं आणि पाण्यात तरंगायला लागलं. फुटेना की विरघळेना. तिनं ते भिंगाखाली दाखवलं. पिकल्या करवंदांची रास ओतावी तशा पेशी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या.

"हे माझं?" काशीरामचा आवाज एकदम खाली आला.

"हे तुमचं. मिसेसच्या रक्तात एक पदार्थ तयार झालाय. तो तुमच्या पेशी बघितल्या की जाऊन चिकटतो. चिकटलेला नुसता दिसत नाही. हे औषध घातलं की चिकटलेल्या पेशी एकमेकींचे हात धरतात, तेव्हा दिसतं."

"पण तिला हे झालं कशानं? तिनं कधी कुणाचं रक्त घेतलं नाही."

"पोरं किती?"

"चार."

"मग घेतलंय की. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या अंगात जातं. बाळात निम्मा हिस्सा बापाचा. तिच्या अंगानं त्यातलं जे तिचं नव्हतं ते ओळखून ठेवलं. आता परत तसं दिसलं की तुटून पडणार."

काशीरामनं घाम पुसला. "आणि मी दिलं असतं तर? त्या रतनचं ऐकून?"

"बाटली लावल्यावर थंडी वाजून ताप आला असता. कावीळ. मूत्रपिंडं बंद पडली असती. ऑपरेशन झालेली, आधीच रक्त कमी असलेली बाई हो ती, घाडी."

काशीराम घाबरला. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच घाबरला. इतके दिवस तो स्वतःच्या रक्ताची काळजी करत होता, शेवंती जाऊ शकते हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आता शिरलं. नळ, चाळ, बढाई, सगळं पार उतरलं.

"मॅडम, काय करू सांगा. कुणाचं आणू?"

"सख्ख्या भावंडाचं जुळायची आशा जास्त. सगळ्यांचं जुळतंच असं नाही. पण तिला भाऊबहीण आहे?"

काशीरामनं तोंड वाकडं केलं. "एक भाऊ आहे. दहिसरला. पण आमच्यात बोलणं नाही."

"किती दिवस?"

"लग्नापासून."

मार्सेलिनानं डोळे मोठे केले. मग त्याला ते सांगावंच लागलं. लग्नात कानपिळीचा मान वधूच्या भावाचा. नवऱ्यामुलाचा कान जरासा पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ एवढं सांगायचं, आणि टोपी-उपरणं घेऊन बाजूला व्हायचं. पण शेवंतीचा धाकटा भाऊ दत्ताराम तेव्हा सोळा वर्षांचा आडदांड, नवीन नवीन तालमीत जाणारा. त्यानं असा काही कान पिळला, की भर मांडवात नवरदेव बोंबलला आणि कानाच्या पाळीतून रक्त आलं. मांडव हसला. काशीरामनं उठून त्याच्या थोबाडीत दिली. दोन्हीकडचे म्हातारे उठले, बायका उठल्या, पंक्तीतली पानं उधळली. तेव्हापासून भाऊबीजेला शेवंती एकटी दहिसरला जायची आणि काशीराम त्या दिवशी मुद्दाम जादा पाळी लावून घ्यायचा.

मार्सेलिना पोट धरून हसली. "जीझस! म्हणजे तुमचं पहिलं रक्तदान त्यानंच करवलं म्हणा की!" मग डोळे पुसत म्हणाली, "जा, घाडी. आज जा. उद्या सकाळी त्याला माझ्यापुढे उभा करा."

दोन गाड्या बदलून काशीराम दहिसरला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. नदीच्या बाजूच्या चाळीत दत्तारामची खोली. वाटभर तो भाषण जुळवत होता. झालं गेलं विसरू, तूही पोर होतास, मीही तापट, वगैरे वगैरे. भाषण बरं जमलं होतं. दार दत्तारामच्या बायकोनं उघडलं. तिच्या हातातला डाव खाली पडला.

"अगो बाय माझे! भावोजी?"

आत दत्ताराम बनियनवर पाटावर बसून बांगड्याचं कालवण ओरपत होता. आता तो बेस्टमध्ये कंडक्टर, पोट सुटलेला, केस उडालेले. त्यानं वर बघितलं आणि घास तसाच हातात राहिला. काशीरामनं तोंड उघडलं, आणि भाषणातला एक शब्दही आठवेना. अठरा वर्षांनी मेव्हण्याशी तो पहिलं वाक्य बोलला ते हे:

"तुझो रक्ताचो ग्रुप काय रे?"

दत्तारामनं काही विचारलं नाही, की कशाला, कुणासाठी. उष्ट्या हातानं ताडकन उभा राहिला. "ताईक काय झाला?"

काशीरामनं सांगितलं. उभ्या उभ्याच, भराभर, मधे मधे अडखळत. दत्ताराम खुंटीवरचा शर्ट ओढायला लागला. "ओ पॉझिटिव्हच आसंय. चला."

"अरे, उद्या सकाळी. आता कोण घेणार हा?"

"मगे तुमी सकाळी सांगूक आयलात असतात तर माझी रात तरी सुखाची गेली असती," दत्ताराम म्हणाला आणि मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच्या बायकोनं न विचारता दुसरा पाट मांडला. काशीराम जेवला. कालवण उत्तम होतं, पण ते तिला सांगायची हिंमत काही झाली नाही.

सकाळी दोघं रक्तपेढीच्या बाकावर शेजारी शेजारी, मधे एका माणसाची जागा सोडून बसलेले. मार्सेलिनानं दत्तारामचा नमुना घेतला आणि आत कामाला लागली. तिच्या पद्धतीनं तोंड बंद. खिडकीतून काशीरामला सगळं दिसत होतं, आणि एका दिवसात तो स्वतःला या खात्यातला जाणकार समजायला लागला होता. दत्तारामला एकेक गोष्ट सांगत होता. "आता कोमट पाण्यात ठेवला. तासभर ठेवतात, अंगात ऊब असते ना. आता बघ, धुणार. तीन पाण्यांनी." आणि मग खिडकीतून आत ओरडला, "मॅडम, तीन झाली ना?"

मार्सेलिनानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

तिनं कूम्ब्सचं औषध टाकलं, नळी फिरवली, उजेडाकडे धरली, भिंगाखाली बघितली. काशीरामला तिची पाठ दिसत होती, नळी दिसत नव्हती. तिनं दुसऱ्या एका बाटलीतून त्या नळीत आणखी एक थेंब टाकला, पुन्हा फिरवली, आणि या वेळी खिडकीच्या उजेडाकडे वळून टिचकी मारली.

काशीरामला स्पष्ट दिसलं. तळाची लाल टिकली अख्खी उचलून वर आली. फुटली नाही. विरघळली नाही.

"गेला," तो म्हणाला. "दत्ताराम, तुझा पण गेला. गुठळी झाली. वाट लागली रे माझी."

आणि तो बाकावर कोसळला. दोन्ही हातांत तोंड झाकून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. दत्तारामनं मधली जागा कधी ओलांडली ते त्यालाही कळलं नाही. त्यानं काशीरामच्या खांद्याभोवती हात टाकला. "भावोजी, रडा नको. माझा नाय तर नाय. मी डेपोत जातंय. आमचे सगळे ड्रायव्हर-कंडक्टर हयसर आणून उभे करतंय. बशी बंद पडूंदेत. शंभर जणांत एक तरी गावतलोच मां! ताईक आपण मरूक देवचंव नाय."

"तू करशील रे," काशीराम म्हणाला. "तू करशील. माझोच मेलो गर्व. तुझ्यासारखो मेवणो असताना इतकी वर्षां मी तोंड फिरवून बसलंय. माका माफ कर."

"मी कान जोरात पिळललंय ओ. माझीच चूक."

"नाय रे, थोबाडीत मी दिली."

दोघंही रडत होते आणि दोघंही चूक आपल्याकडे ओढत होते. रांगेतल्या लोकांना वाटलं यांच्या घरचं कुणीतरी गेलं. एका बाईनं तर पदरानं डोळे टिपले. एवढ्यात मार्सेलिनानं दारातून डोकं बाहेर काढलं.

"काय हो, काय चाललंय? दत्ताराम, चला, खाटेवर झोपा. तुमची बाटली घ्यायची."

"माझी? कोणासाठी?"

"तुमच्या बहिणीसाठी. जुळलंय. एकदम स्वच्छ."

आणि इथं काशीरामनं कमाल केली. हा तोच माणूस, ज्यानं काल रक्त घ्या म्हणून खिडकी डोक्यावर घेतली होती. तो दारात आडवा उभा राहिला. दोन्ही हात पसरून. "नाही! घेऊ देणार नाही! मी डोळ्यांनी गुठळी बघितलीय. तुमची नजर चुकली, मॅडम. परत धुवा! तीन पाण्यांनी धुवा!"

मार्सेलिना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला उलगडा झाला, आणि ती दाराला टेकून अशी हसायला लागली की तिला बोलता येईना.

"अहो घाडी! अहो, ती गुठळी हवीच होती!"

"हवी होती? काल म्हणालात गुठळी म्हणजे पेशंट गेला!"

"ऐका. दत्तारामच्या पेशींत औषध टाकलं तेव्हा काही झालं नाही. एकजीव पाणी. पण तेव्हा तुम्हाला नळी दिसली नाही. आता मला कसं कळणार, की खरंच जुळलंय म्हणून गुठळी नाही, की धुण्यात चूक झाली आणि औषध आधीच संपलंय म्हणून नाही? रतनसारखं छान छान म्हणून सोडून देऊ? म्हणून शेवटी मुद्दाम एक थेंब टाकायचा, आधीच तो पदार्थ चिकटवून तयार ठेवलेल्या पेशींचा. औषध जिवंत असेल तर त्या पेशींची गुठळी व्हायलाच पाहिजे. ती झाली. म्हणजे औषध काम करत होतं, आणि तरीही दत्तारामच्या पेशींना काही झालं नव्हतं. तुम्ही रडलात ना, तो माझा सगळ्यात चांगला रिझल्ट!"

काशीरामनं हात खाली घेतले. ते सगळं त्याच्या डोक्यात पोचायला जरा वेळ लागला. मग त्यानं दत्तारामकडे बघितलं. दत्तारामनं त्याच्याकडे बघितलं. आताच एकमेकांना काय काय बोलून गेलो ते दोघांनाही आठवलं, आणि दोघंही लाजले.

"मगे आता माफी परत घेवची काय?" दत्तारामनं विचारलं.

"ऱ्हवांदे. दिली ती दिली," काशीराम म्हणाला.

मार्सेलिनानं दत्तारामला एका खाटेवर घेतलं आणि काशीरामला दुसऱ्या खाटेकडे बोट दाखवलं. "तुम्हीपण झोपा. तुमचं कुणाच्या तरी कामाला येईल." काशीराम निमूट झोपला. बाटली भरली, सुई निघाली, तरी कसं काय वाटलं म्हणून त्यानं विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. फ्रिजमधली बाटली टेबलावरच संपली आणि संध्याकाळी वॉर्डात शेवंतीला दत्तारामची बाटली लावली. काशीराम खाटेशेजारी उभा, एका हातानं बाटलीचा स्टँड घट्ट पकडून. नर्सनं दोनदा सांगितलं, तो पडत नाही, सोडा. यानं सोडला नाही. थेंब थेंब पडत होता आणि हा शेवंतीच्या कपाळाला पुन्हा पुन्हा हात लावून बघत होता. ताप नाही. थंडी नाही. ओठांवर जरासा रंगसुद्धा आला होता.

शेवंतीनं डोळे उघडले. "दत्तू खंय आसा?"

"खाली चाय पिता. शेवंते, तुका एक सांगूचा हा." इतके दिवस लपवलेलं आज सांगून टाकायचं त्यानं ठरवलं होतं. "मशीन बिघडूक नव्हता. माझा रगत तुका चालला नाय. सगळ्यांत वायट माझाच होता. तुझ्या अंगान माका परको ठरवल्यान."

"कसो काय?"

काशीरामनं जमेल तसं सांगितलं. बाळंतपणं, पोरांचं रक्त, पोरांतला बापाचा हिस्सा, आणि तिच्या रक्तानं ते ओळखून ठेवलं ते. सांगता सांगता त्याचा आवाज चिरकायला लागला. "माका तुका रगत देवचा होता गो. सगळ्या जगाक देत फिरलंय, आणि तुका एक थेंब देवक गावलो नाय."

शेवंतीनं बोटांवर पोरं मोजली.

"म्हणजे चारय पोरांच्या वेळेक तुमचा रगत माझ्यात इला?" तिनं विचारलं.

"तुझ्या पोरांतसून. थोडा थोडा."

"मगे रडतात कित्याक? जगाक एकेक बाटली दिलात. माझ्यात तुमचा आधीच आसा. भावाचा तेवढा नव्हता, ता आता येताहा." तिनं त्याचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. "माझा अंग तुमका परको म्हणणा नाय ओ. तुमका वळखता."

काशीराम रडला. वॉर्डातल्या सगळ्या बायकांदेखत रडला, आणि या वेळी त्याला थांबावंसंही वाटेना.

"गप ऱ्हवा आता," शेवंती म्हणाली. "बाटली हलता."